विश्लेषण : ज्यांना रस्ता दिसत नव्हता, त्यांनीच दिले ‘क्रूझ कंट्रोल’... कोण होते राल्फ टीटर?

नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले की हल्ली ‘एडास’ हा शब्द हमखास कानावर पडतो. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, मार्गिका सुटू न देणारी, धडक होणार असे दिसताच स्वतःहून ब्रेक लावणारी अशा चालक-साहाय्य यंत्रणांचा हा संच. त्यातील सर्वांत जुनी सोय म्हणजे क्रूझ कंट्रोल. स्टिअरिंगवरचे एक बटण दाबायचे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि गाडी ठरलेल्या वेगाने चालत राहते. ही सोय ज्यांनी दिली, ते अमेरिकी अभियंते राल्फ टीटर वयाच्या पाचव्या वर्षापासून दृष्टिहीन होते. त्यांचे आयुष्य, त्यांचा शोध आणि त्यातून आजच्या चालकाने काय घ्यावे, याचा हा आढावा.

राल्फ टीटर यांचे बालपण कसे गेले?

टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील हेगर्सटाउन या छोट्या गावी झाला. घराण्यात यंत्रांचे वेड होते. रेल्वे रुळांची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी रुळांवरून चालणारी, पायाने पेडल मारायची सायकल काका चार्ल्स टीटर यांनी तयार केली होती. त्यातूनच कुटुंबाचा कारखाना उभा राहिला. पुढे हा कारखाना मोटारींची इंजिने आणि मग इंजिनांचे सुटे भाग बनवू लागला.

राल्फ पाच वर्षांचे असताना खेळता खेळता हातातल्या सुरीने त्यांच्या एका डोळ्याला जखम झाली. एका डोळ्याला खोल इजा झाली की काही वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. आज त्यावर उपचार आहेत, तेव्हा ते नव्हते. वर्षभरात राल्फ यांच्या दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली.

मात्र आईवडिलांनी मुलाला घरात बसवून ठेवले नाही. त्यांनी त्याला इतर मुलांसारखेच वाढवले. कारखान्यातल्या अवजारांशी त्याची ओळख होऊ दिली. कोणता पाना कुठे ठेवला आहे, लेथवरचे पाते धातूला किती खोल कापते आहे, हे तो हाताने आणि कानाने ओळखू लागला. बाराव्या वर्षी त्याने एका भावंडाच्या साथीने चालणारी मोटारगाडी तयार केली. हे वर्ष १९०२ होते. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ बाजारात यायला अजून सहा वर्षे होती.

दृष्टी नसताना ते अभियंता कसे झाले?

अभियांत्रिकी शिकायची म्हणजे आकृत्या काढायच्या, तक्ते वाचायचे, प्रयोगशाळेत काम करायचे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला हे कसे जमणार, या शंकेपोटी प्रवेश मिळणे कठीण होते. त्यांची चुलत बहीण नीव्हा डीअरडॉर्फ तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होती. तिने विद्यापीठाकडे शब्द टाकला. तेथे प्रवेश मिळाला आणि १९१२ मध्ये राल्फ यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. पाठ्यपुस्तके इतरांकडून वाचून घ्यायची, ऐकलेले लक्षात ठेवायचे, आकडेमोड मनात करायची आणि यंत्राचा भाग हाताळून त्याची रचना डोक्यात पक्की करायची, अशी त्यांची पद्धत होती.

या पद्धतीचा खरा कस पहिल्या महायुद्धात लागला. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथील जहाजबांधणी कारखान्यात युद्धनौकांच्या वाफेच्या टर्बाइनचे काम सुरू होते. टर्बाइनचा फिरणारा भाग प्रचंड वेगाने फिरतो. त्याचे वजन एका बाजूला किंचित जरी जास्त झाले तरी कंपने सुरू होतात, बेअरिंग झिजतात आणि यंत्र निकामी होते. हा भाग फिरता असताना त्याचा तोल नेमका कुठे जातो हे शोधून तो साधणे हे मोठे जिकिरीचे काम होते. ते सोडवण्यात टीटर यांनी महत्त्वाचा वाटा उचलला. डोळ्यांना न दिसणारे कंपन त्यांच्या बोटांना कळत होते.

युद्धानंतर ते हेगर्सटाउनला परतले. कुटुंबाची कंपनी आता पिस्टन रिंग बनवत होती आणि ‘परफेक्ट सर्कल’ या नावाने ओळखली जाऊ लागली होती. पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवती बसणारे धातूचे कडे. ज्वलनातून तयार झालेला दाब खाली निसटू न देणे आणि इंजिनातले तेल वर ज्वलनकक्षात जाऊ न देणे, ही त्याची दोन मुख्य कामे. कडे जरा बिघडले तरी गाडी तेल पिऊ लागते आणि धूर सोडते. टीटर या कंपनीत अभियंता म्हणून वाढत गेले आणि १९४६ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्याआधी, १९३६ मध्ये ते अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स’ म्हणजे ‘एसएई’ या नामांकित संस्थेचे अध्यक्ष होते. या संस्थेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

क्रूझ कंट्रोलची कल्पना कशी सुचली?

त्याची हकिकत मोटार उद्योगात अनेकदा सांगितली जाते. टीटर यांचे पेटंटचे काम पाहणारे वकील त्यांना आपल्या गाडीतून नेत असत. वकीलसाहेबांना बोलायची हौस होती. ते बोलू लागले की गाडीचा वेग कमी व्हायचा आणि ऐकू लागले की वाढायचा. शेजारी बसलेल्या टीटर यांना दर वेळी हिसका बसायचा. डोळस प्रवासी खिडकीबाहेर पाहतो, त्यामुळे असे छोटे हिसके त्याच्या लक्षातही येत नाहीत. टीटर यांना मात्र गाडीचा वेग शरीरानेच कळत होता. चालकाचे मन बोलण्यात गुंतले की पाय सैल पडतो किंवा जोर धरतो आणि हे त्याला स्वतःला कळतही नाही, हे त्यांनी नेमके हेरले.

दुसरे कारण दुसऱ्या महायुद्धाचे. जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे ताब्यात घेतल्यावर अमेरिकेत टायरसाठी रबर मिळेनासे झाले. टायर आणि इंधन वाचवण्यासाठी सरकारने देशभर ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. मोकळ्या रस्त्यावर इतक्या कमी वेगाने गाडी चालवत राहणे चालकांना जड जात होते. पाय नकळत खाली जायचा. मर्यादेची आठवण डोळ्यांऐवजी थेट पायालाच करून देता आली तर, हा टीटर यांच्या उपकरणामागचा विचार होता.

हे उपकरण काम कसे करत होते?

जेम्स वॅट यांनी १८व्या शतकात वाफेच्या इंजिनावर बसवलेला गव्हर्नर अनेकांनी पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. दांडा जोरात फिरू लागला की त्याला जोडलेले दोन गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप आवळली जाते. टीटर यांनी हेच तत्त्व मोटारीत आणले. चालकाने डॅशबोर्डवरील चकतीने वेग निवडायचा. चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या गतीवर चालणाऱ्या गव्हर्नरमधील वजने त्या वेगाला पोहोचल्यावर स्प्रिंगचा जोर मोडून बाहेर सरकत. त्यामुळे एक झडप उघडे आणि इंजिनातील निर्वाताच्या ओढीवर चालणारा दट्ट्या ॲक्सिलरेटरच्या पेडलला उलटा रेटा देई.

२२ ऑगस्ट १९५० रोजी टीटर यांना या उपकरणाचे अमेरिकी पेटंट मिळाले. पेटंटच्या नावातच ॲक्सिलरेटरला विरोध करणारे वेगनियंत्रक असा उल्लेख होता. मूळ उपकरण गाडी स्वतः चालवत नव्हते. ते फक्त पायाला अडवत होते. ठरलेला वेग आला की पेडल घट्ट लागायचे. ओव्हरटेक करायचे असेल किंवा संकटातून निसटायचे असेल, तर जोर लावून पेडल दाबता येत होते. म्हणजे यंत्र इशारा देत होते आणि निर्णय माणूसच घेत होता.

ठरलेला वेग धरून ठेवणारी सोय पुढच्या सुधारणांत आली. विद्युतचुंबकाच्या साह्याने उपकरण तो वेग कायम राखू लागले आणि ब्रेकला पाय लागताच पकड सोडू लागले. ब्रेकला स्पर्श झाला की यंत्राने बाजूला व्हायचे, हा नियम आजच्या गाड्यांतही तसाच आहे.

गाड्यांमध्ये ते केव्हा आले?

उपकरणाला कंट्रोलमॅटिक, टचोमॅटिक, प्रेसोमॅटिक अशी नावे देऊन झाली. शेवटी ‘स्पीडोस्टॅट’ हे नाव ठरले. क्रायस्लर कंपनीने १९५८च्या मॉडेलपासून इम्पीरियल, न्यू यॉर्कर आणि विंडसर या गाड्यांत ते जादा किमतीत देऊ केले आणि त्याला ‘ऑटो-पायलट’ म्हटले. कॅडिलॅकने वापरलेले ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव मात्र सर्वांच्या तोंडी बसले.

सुरुवातीला ही श्रीमंतांच्या गाडीतली चैन होती. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली आणि चित्र बदलले. अमेरिकेने १९७४च्या आरंभी महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आणली. सपाट रस्त्यावर वेग पुन्हा पुन्हा वाढवण्यात इंधन वाया जाते आणि एकसारख्या वेगाने ते वाचते. त्यामुळे क्रूझ कंट्रोल हे बचतीचे साधन म्हणून लोकप्रिय झाले. पुढे वजने, स्प्रिंग आणि दट्ट्या यांची जागा सेन्सर आणि संगणकाने घेतली.

टीटर १९५७ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. ‘परफेक्ट सर्कल’ १९६३ मध्ये डाना कंपनीकडे गेली. १५ फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी टीटर यांचे निधन झाले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना मरणोत्तर स्थान मिळाले. पेडलला रेटा देणारे त्यांचे उपकरण त्यानंतरच्या काळात कुठवर पोहोचले, हे मात्र त्यांना पाहता आले नाही.

क्रूझ कंट्रोलपासून ‘एडास’पर्यंतचा प्रवास कसा झाला?

टीटर यांच्या उपकरणाला आपल्या गाडीचा वेग कळत होता, पुढची गाडी दिसत नव्हती. ती उणीव १९९० च्या दशकात भरून निघू लागली. जपानमध्ये मित्सुबिशीने १९९५ मध्ये डायमांटे या गाडीत लेझरने पुढच्या गाडीचे अंतर मोजणारी यंत्रणा दिली. ती ब्रेक लावत नव्हती, फक्त इंजिनाचा जोर आणि गिअर कमी करत होती. दशकाच्या अखेरीस मर्सिडीजने एस-क्लासमध्ये रडारवर चालणारी आणि ब्रेकही लावणारी यंत्रणा आणली. यालाच आज ॲडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. त्यात मार्गिका राखणारे साहाय्य, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातील वाहनाचा इशारा, आपत्कालीन ब्रेक अशा सोयींची भर पडली.

या सोयींमुळे गाडी नेमकी कोण चालवते आहे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर देणारी सर्वाधिक वापरली जाणारी वर्गवारी ‘एसएई’ने, म्हणजे टीटर एकेकाळी अध्यक्ष असलेल्या त्याच संस्थेने, २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात शून्य ते पाच असे स्तर आहेत. शून्य स्तरावर यंत्रणा फक्त इशारे देते किंवा आपत्कालीन ब्रेकसारखी क्षणभर मदत करते. पहिल्या स्तरावर ती वेग किंवा स्टिअरिंग यांपैकी एक सांभाळते. दुसऱ्या स्तरावर दोन्ही सांभाळते. तिसऱ्यापासून पुढे ठराविक परिस्थितीत गाडी स्वतः चालते. तिसऱ्या स्तरावर यंत्रणेने हाक दिली की चालकाने ताबा घ्यायचा असतो. चौथ्या स्तरावर ठरावीक हद्दीत चालकाची गरज राहत नाही आणि पाचव्यावर ती कुठेच राहत नाही.

आपल्याकडे ‘एडास लेव्हल टू’ अशी जाहिरात असलेली गाडी या वर्गवारीत दुसऱ्या स्तरावर बसते. याचा अर्थ साधा आहे. शून्य ते दोन या तिन्ही स्तरांवर गाडी चालकच चालवत असतो. स्टिअरिंग आपोआप वळत असले आणि ब्रेक आपोआप लागत असले, तरीही रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम त्याचेच.

यंत्रणेला काय दिसत नाही?

रडार आणि कॅमेरा यांच्या मर्यादा माहीत असल्या तर निम्मे धोके टळतात.

पहिली मर्यादा थांबलेल्या वाहनाची. वेगात असताना रस्त्यावर उभे असलेले वाहन ओळखण्यात अनेक यंत्रणा कमी पडतात किंवा उशिरा ओळखतात. रडारला कमानी, फलक, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तू दिसत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही. म्हणून स्थिर वस्तूंकडे काही प्रमाणात दुर्लक्ष केले जाते. समजा तुम्ही एका गाडीच्या मागे ॲडाप्टिव्ह क्रूझवर चालला आहात. पुढे बंद पडलेला ट्रक पाहून ती गाडी झटकन शेजारच्या मार्गिकेत गेली. तुमच्या यंत्रणेला पुढचा रस्ता मोकळा झाल्यासारखे वाटते आणि ती वेग वाढवू लागते. ट्रक मात्र समोर उभाच असतो.

दुसरी मर्यादा वळणाची. तीव्र वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते. यंत्रणा तिला गेली समजते आणि ऐन वळणात वेग वाढवते. घाटात क्रूझ बंद ठेवावे, याचे हे एक कारण.

तिसरी मर्यादा मार्गिकेच्या पट्ट्यांची. पट्टे पुसट झाले असतील, दुरुस्तीनंतर जुने आणि नवे पट्टे शेजारी शेजारी दिसत असतील किंवा ओल्या रस्त्यावर समोरून ऊन चमकत असेल, तर कॅमेरा गोंधळतो. कधी मार्गिका सोडून देतो, तर कधी चुकीची रेघ धरतो.

चौथी मर्यादा आपल्या रस्त्यांची. टेललाइट नसलेली ट्रॉली, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, दुभाजकातून अचानक येणारी गुरे, कोपऱ्यातून शिरणारी रिक्षा हे सगळे यंत्रणा दर वेळी वेळेवर ओळखेलच, असे गृहीत धरता येत नाही.

पाचवी मर्यादा धूळ आणि चिखलाची. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरजवळचा रडार स्वच्छ नसेल तर यंत्रणा बंद पडते किंवा चुकते. पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याची दिशा अधिकृत सेवा केंद्रात पुन्हा जुळवून घ्यावी लागते. हे अनेकांना माहीत नसते.

मग या सोयी वापरायच्या कशा?

गाडीसोबत आलेले पुस्तक एकदा तरी वाचावे. कोणती यंत्रणा किती वेगापासून चालू होते, दुचाकी आणि पादचारी ओळखते का, गाडी पूर्ण थांबल्यावर पुन्हा स्वतःहून निघते की बटण दाबावे लागते, या गोष्टी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या असतात. डॅशबोर्डवरील चिन्हांचे रंगही कंपनीनुसार बदलतात. यंत्रणा ‘चालू’ असणे आणि ती प्रत्यक्ष ‘काम करत’ असणे यांतला फरक कोणत्या चिन्हाने कळतो, हे घरासमोर उभ्या गाडीतच शिकून घ्यावे.

क्रूझ कंट्रोल मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यासाठी आहे. पावसात ते वापरू नये. पाण्याच्या थरावर टायरची पकड सुटली तर चालकाने ताबडतोब ॲक्सिलरेटर सोडायचा असतो. क्रूझ चालू असताना यंत्रणा वेग राखण्यासाठी उलट जोर लावू शकते आणि चालकाचा पाय पेडलपासून दूर असल्याने सावरायला उशीर होतो. धुके, दाट वाहतूक आणि घाट यांतही तेच. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून गिअर खाली घेऊन इंजिनाच्या जोरावर वेग रोखणे, हे जुन्या चालकांचे शहाणपण अजूनही लागू आहे.

क्रूझवर असताना पाय मांडी घालून बसण्यासाठी नसतो. तो जमिनीवर, ब्रेकच्या जवळ हवा. क्रूझ बंद करण्याचे बटण न पाहता अंगठ्याला सापडले पाहिजे. पुढच्या गाडीपासूनचे अंतर निवडायची सोय असेल तर सर्वांत जास्त अंतर ठेवावे. कोणी मध्ये शिरले तर चिडू नये, पुन्हा मागे व्हावे.

मार्गिका बदलताना इंडिकेटर द्यावाच. मार्गिका राखणारी यंत्रणा चालू असताना इंडिकेटर न देता वळले तर स्टिअरिंग उलट ओढ घेते आणि नवखा चालक बिचकतो. आरशातला पिवळा दिवा लागला नाही म्हणजे मागे कोणी नाही, असे समजू नये. मान वळवून पाहण्याची सवय मोडू नये.

आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा त्रास देते म्हणून अनेक जण ती बंद करून टाकतात. तसे करू नये. मात्र शहरातील गर्दीत ती अचानक ब्रेक लावू शकते, हे लक्षात ठेवून मागून चिकटून येणाऱ्या वाहनाला पुढे जाऊ द्यावे. स्टिअरिंगवर हात असल्याचे भासवण्यासाठी बाटली अडकवणे किंवा वजन लावणे हा स्वतःच्या जिवाशी खेळ आहे. आणि यांपैकी कोणतीही यंत्रणा सीटबेल्टची जागा घेत नाही. मागच्या आसनावरील प्रवाशांसाठीही.

सर्वांत मोठा धोका कोणता?

चालकाचे काम कमी झाले की त्याचे मन भटकते, हा तो धोका. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मोटारींसाठी तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. लांबच लांब सरळ रस्ता, एकसारखा आवाज, आजूबाजूला बदल नाही आणि पायाला काम नाही, अशा वेळी डोळे उघडे असूनही चालकाचे मन गुंगीत जाते. याला महामार्ग संमोहन म्हणतात. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. मोबाइलवरचा संदेश पाहायला तीन सेकंद लागले तर जवळपास १०० मीटर अंतर चालकाने न पाहताच कापलेले असते. तेवढ्यात समोर पंक्चर झालेला टेम्पो उभा असेल, तर यंत्रणेने ब्रेक लावले तरी ते पुरे पडतीलच असे नाही.

म्हणून लांबच्या प्रवासात दोन तासांनी थांबावे, खाली उतरून चालावे, चहा घ्यावा. मधूनमधून क्रूझ बंद करून गाडी स्वतःच्या पायाने चालवावी. झोप येत असेल तर क्रूझ लावून पुढे रेटणे हा उपाय नाही. सुरक्षित जागी गाडी लावून झोप काढणे हाच उपाय आहे. शेजारी बसलेल्यानेही चालकावर लक्ष ठेवावे. गाडी रेंगाळते आहे, पट्ट्यांवर जाते आहे, बोलण्याला उत्तर उशिरा येते आहे, हे त्याला आधी कळते.

टीटर यांचा शोधही शेजारच्या आसनावरच्या अशाच एका प्रवाशाचा होता. चालकाचे मन गाडीवरून उडाले आहे, हे त्यांना रस्ता न पाहताच कळले होते आणि त्यांचे पहिले उपकरण चालकाच्या पायाला त्याची जाणीव करून देण्यासाठी होते. आजची यंत्रणा वेगाबरोबर स्टिअरिंग आणि ब्रेकही सांभाळू लागली आहे. पण दुसऱ्या स्तरावरच्या गाडीत समोर पाहणे हे काम अजून चालकाकडेच आहे. पुढच्या वेळी बटण दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून काढताना नजरही रस्त्यावरून निघाली नाही ना, एवढे एकदा तपासून घ्यावे.